रिकाम्या गाडीचे मास्तर

आमच्या घरमालकांच्या अंगणात कोटरी जंक्शन होतं. थट्टा नाही करत. शहाबादी फरशीवर खडूने आखलेलं, चांगलं चार रूळ एकत्र येतात असं जंक्शन. आमच्या खोलीतून बाहेर पडलं की पहिला पाय कराचीवर पडायचा, मोरीकडे जाताना हैदराबाद लागायचं, आणि तुळशीच्या कट्ट्याला टेकून लारकाना. कोटरी बरोबर वाटेत. चुकून त्यावर पाय पडला की ओसरीवरून आरोळी यायची, "अहो साईं, रूळ पुसले!"

मी तेव्हा नुकती लग्न होऊन कऱ्हाडहून चिंचवडला आले होते. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना उभा राहत होता, आमच्या ह्यांना तिथे नोकरी लागली होती. स्टेशनजवळ पत्र्याच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या बाजूला मालक आणि मालकीणबाई, मागे आम्ही. मालक शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत, त्यांच्या बायकोला काकू. मूळचे मराठीच, पण जन्म गेला कराचीत. तिथल्या मराठी शाळेत मास्तर होते. फाळणीत सगळं सोडून आगबोटीने आले, पिंपरीच्या निर्वासित कॅम्पात सिंधी लोकांबरोबर राहिले, आणि मग चिंचवडला हे घर बांधलं. बोलणं आपल्यासारखंच, फक्त समोर कोणीही असो, दूधवाला, हेडमास्तर, नाहीतर माझ्यासारखी काल आलेली पोर, प्रत्येकाला सिंधी लोकांच्या रीतीने "साईं" म्हणायचे. मला पहिले आठ दिवस वाटत होतं की हा माणूस कुठल्यातरी बुवाच्या नादी लागलाय.

नादी लागले होते ते रेल्वेच्या. म्हणजे स्वतः कधी गाडीत बसायचे नाहीत. शाळेत चालत, पिंपरीला चालत, पुण्याला जायचंच नाही. पण ओसरीवरून रूळ दिसायचे, आणि उशिरा आलेल्या गाडीला ते वर्गातल्या पोराला झापावं तसं झापायचे. "आलात? या! आज काय कारण? पोटात दुखत होतं?" मोशीचा दूधवाला सायकलवरून यायचा, त्याला ह्याची भारी गंमत. कॅन खाली ठेवायच्या आधी विचारायचा, "काय मास्तर, आज कुटवर गेली तुमची गाडी?"

"दादू स्टेशनापर्यंत, साईं. पुढे पाणी भरायला थांबलीय."

"मंग येताना म्हशीला थोडी पेंड आना की तिकडची. हितली खाईना झालीया."

मास्तर हसायचे नाहीत. "सामान जास्त होईल," म्हणायचे.

सणासुदीला मात्र ह्या माणसाकडे रांग लागायची. दिवाळी आली, शिमगा आला, मोरया गोसावींची जत्रा आली की कारखान्यातली आमच्यासारखी बाहेरगावची माणसं विचारायला यायची, मास्तर, गावाला कधी निघू? मास्तर खडू घेऊन फरशीवर बसायचे आणि कुठली गाडी, कुठे बदलायची, कुठल्या डब्यात चढायचं, सगळं आखून द्यायचे. त्यांचा सिद्धांत एकच होता, आणि तो ते पाढ्यासारखा म्हणायचे: "सणाच्या आधी पळतो तो चेंगरतो. सणादिवशी निघतो तो पाय पसरून झोपतो." सगळं जग ज्याच्या त्याच्या घरी पोचलेलं असतं, गाडी रिकामी धावते, आणि शहाण्याने त्या गाडीत बसावं.

ह्या शहाणपणाचा पहिला प्रसाद आम्हालाच मिळाला. आमचा दिवाळसण होता. जावयाचा पहिला सण, माहेरी केवढी तयारी. मी म्हटलं, चार दिवस आधी जाऊ. आमचे हे भोळे सांब, गेले मास्तरांकडे. मास्तरांनी नरकचतुर्दशीला दुपारची गाडी काढून दिली. अहो, गाडी रिकामी होती हो! हे घोरत पडले. आणि मी खिडकीत बसून गावोगावच्या पणत्या बघत होते, डोळ्यांत पाणी आणून. कऱ्हाडला पोचलो तर पहिली आंघोळ होऊन गेलेली, ओवाळणं झालेलं, वाटीतलं उटणं वाळून खडखडीत झालेलं. आई दारातच म्हणाली, "आता काय पणत्या विझवायला आलात?" जावयासमोर म्हणाली. आमच्या घराण्यात अजून ती गोष्ट निघते.

परत आल्यावर मी तरातरा ओसरीवर गेले. मास्तरांनी मोठ्या उत्साहाने विचारलं, "जागा मिळाली ना, साईं?"

"जागा मिळाली, मास्तर. दिवाळी नाही मिळाली."

"दिवाळी पुढच्या वर्षी येते. चेंगरलेलं माणूस येत नाही," ते म्हणाले, आणि उठून आत गेले. मला वाटलं, काय बाई हेकट माणूस.

त्यांना गर्दी सोसायचीच नाही. नुसतं आवडत नव्हतं असं नाही. बाजारात दहा माणसं जास्त दिसली की कपाळाला घाम यायचा, आल्या पावली परतायचे. भाजी काकू आणायच्या. देवळात जायचे ते दुपारी, पुजारी जेवायला गेल्यावर. एकदा मी आणि काकू पापड लाटत बसलो होतो, तेव्हा काकूंनी कारण सांगितलं. कराची सोडली त्या दिवशी बंदरावर मुंगी शिरायला जागा नव्हती. त्या रेट्यात मास्तरांच्या हातातून काकूंचा हात सुटला. मास्तर वेड्यासारखे शोधत फिरले, प्रेतं झाकलेली होती तीही उचकून पाहिली. काकू संध्याकाळी सापडल्या, एका गोदामाच्या भिंतीशी, चप्पल नाही, बांगड्या फुटलेल्या. "तेव्हापासून हे असं," काकू म्हणाल्या. "मी सापडले ग, पण ह्यांचं काहीतरी तिथेच हरवलं."

आणि अक्काही तिथेच राहिल्या.

अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. लहानपणी विधवा झालेली, शिकली, लारकान्याला मुलींच्या शाळेत बाई झाली. मास्तरांना आई आठवत नव्हती, अक्काच आई. फाळणी झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. माझ्या वर्गातल्या मुलींची परीक्षा झाली की येते." मास्तर म्हणाले, "मी स्वतः येतो न्यायला. एकटी निघू नकोस." अक्का धाकट्या भावाच्या शब्दावर थांबल्या. ते लारकाना म्हणजे आमच्या तुळशीपाशी होतं ते.

आठ वर्षं झाली होती त्याला. आठ वर्षं हा माणूस फरशीवर बसून बहिणीकडे जायची गाडी आखत होता! आधी म्हणे दंगे शमू देत. मग परदेश झाला, पासपोर्ट आले, व्हिसा आला. मग मोहरमची गर्दी, मग ईदची, मग थंडी, मग शाळेच्या परीक्षा. दर वेळी आखणी पुरी व्हायची आणि दर वेळी तीत काहीतरी खोट निघायची. मला हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. उन्हाळ्याच्या कुरडया मी मुद्दाम लारकान्यावर वाळत घातल्या. मास्तर आले, बघत उभे राहिले.

"साईं, ह्या उचला."

"का? तिथे कोणी उतरणार आहे का?" मी म्हटलं. माझी जीभ तेव्हा फार लांब होती. काकूंनी आतून डोळे वटारले. मास्तरांनी स्वतः खाली बसून एकेक कुरडई कडेला सरकवली, एकही मोडली नाही.

पुढच्या हिवाळ्यात पिंपरीच्या कॅम्पातली पापडवाली सिंधी बाई आमच्या ओसरीवर आली. तिचा भाऊ लारकान्याहून नुकताच आला होता. अक्का एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी राहत होत्या, मुसलमान घर, पण त्या पोरीने आईसारखं सांभाळलेलं. आता अक्कांना दिसत नव्हतं, आणि दम्याने बसूनच झोप लागायची. निरोप एवढाच होता: मला न्यायला ये म्हणावं, आता एकटीने येववत नाही. आपल्या माणसांत मरू दे.

मास्तर तो निरोप ऐकून खांबाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "जातो." आखतो नाही म्हणाले, जातो म्हणाले. काकू रडायलाच लागल्या.

खेटे घालून घालून व्हिसा मिळाला, कराची आणि लारकाना, मोजके दिवस. मे महिना, शाळेला सुट्टी. आणि नशीब बघा, त्या दिवसांत नेमकी रमजानची ईद येत होती. कराचीत कामाला असलेला सगळा सिंध आणि पंजाब ईदेला घरी पळणार. मी म्हटलं, झालं, आता परत खोट निघाली. पण नाही. उलट मास्तरांच्या तोंडावर मी पहिल्यांदा तेज पाहिलं. त्यांचा सिद्धांत होताच की! बोटीने ईदेच्या आधी कराचीला उतरायचं, शाळेच्या जुन्या शिपायाकडे मुक्काम करायचा, बाहेर पडायचंच नाही. सगळी गर्दी जाऊ द्यायची. ईदेच्या दिवशी सकाळी रिकाम्या गाडीत बसायचं, संध्याकाळी लारकाना. दुसऱ्या दिवशी, लोक अजून घरी शिरखुर्मा खातायत तोवर, अक्काला घेऊन परत. दम्याची बाई, तिला आडवं झोपवून आणता येईल. असं आखून त्यांनी अक्कांना कळवूनही टाकलं, अमक्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने मी येतो.

"अमका दिवस कुठून काढलात?" काकूंनी विचारलं.

मास्तरांनी पंचांग पुढे केलं. त्यात छापलेलंच होतं. ह्या तिथीला चंद्रदर्शन, दुसऱ्या दिवशी शव्वालचा महिना सुरू, म्हणजे ईद.

"पण त्यांची ईद चंद्र दिसल्यावर असते ना?"

"मग दिसेलच की. गणित आहे ते. चंद्र काय शाळेला दांडी मारतो?"

"अहो, आपल्या एकादश्यासुद्धा दोन दोन येतात," काकू म्हणाल्या, "स्मार्त वेगळी, भागवत वेगळी. एकाच पंचांगात. आणि तुम्ही त्यांची ईद आपल्या पंचांगावर बघताय?"

मास्तर चिडले. जन्मभर कराचीत राहिलेला माणूस, त्यांना काय हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण आठ वर्षांनी आखणी एकदाची बिनचूक जमली होती, आणि त्यात आता बोटभरही फट ठेवायची त्यांची तयारी नव्हती. माणसाला एखादी गोष्ट हवीच असली की तो पंचांगावरसुद्धा विश्वास ठेवतो.

निघाले त्या दिवशी काकूंनी हातावर दही घातलं. मी पाया पडले. "अक्कांना घेऊन या, मास्तर," मी म्हटलं. "तुळशीपाशी मी काही वाळत घालणार नाही." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमचे हे त्यांना मुंबईला बोटीवर बसवून आले.

काकूंनी ओसरीवरच्या खोलीत अक्कांसाठी गादी घातली. भिंतीला टेकून बसता यावं म्हणून उशा शिवल्या. दूधवाल्याला जास्तीचं दूध सांगितलं. तो म्हणाला, "व्हय, आक्काबाईसाटी गाईचं आनतो, दम्याला म्हशीचं न्हाई चालत." दोन दिवस आधीपासूनच आणायला लागला.

मास्तर एकटे परत आले.

मी अंगणात होते. फाटक उघडलं, मास्तर आत आले, हातात छत्री, खांद्याला पिशवी. मागे कोणी आहे का म्हणून मी मान उंचावून बघितलं. कोणी नव्हतं. मास्तर सरळ चालत आले, कोटरीवर चपलांसकट पाय देऊन ओसरीवर चढले आणि आत गेले. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. मला तेव्हाच सगळं कळलं, आणि मी तिथेच खाली बसले.

काय झालं ते काकूंनी मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, कारण त्यांनाही ते तसंच कळलं होतं. ज्या संध्याकाळी चंद्र दिसायचा, त्या संध्याकाळी कराचीवर ढग आले. समुद्रावरून येतात तसे, नुसते येऊन बसले. गच्च्यांवर माणसं उभी, चंद्र काही दिसला नाही. ईद एक दिवस पुढे गेली. म्हणजे मास्तरांनी रिकाम्या गाडीसाठी जो दिवस धरला होता, तोच सगळ्यात मोठ्या गर्दीचा दिवस झाला.

मास्तर तरीही सकाळी स्टेशनवर गेले. टपावर माणसं, पायऱ्यांवर माणसं, खिडक्यांतून पोरं आत फेकतायत. एका हमालाने त्यांना पाहिलं, म्हातारा माणूस, कोट, छत्री. म्हणाला, "साईं, या, खिडकीतून आत सारतो तुम्हाला. आत गेलात की गेलात." मास्तरांनी छत्री घट्ट धरली आणि मान हलवली. उद्या गाडी रिकामी असेल, म्हणाले. व्हिसाचा एक दिवस हातात होता. अक्कांना तार केली. सणाच्या धांदलीत ती तार मास्तरांच्याही नंतर पोचली.

आणि लारकान्याला अक्का स्टेशनवर आल्या होत्या. दिसत नाही, दम लागलेला, मे महिन्यातलं तिथलं ऊन. त्या पोरीने हात जोडून सांगितलं, बाई, घरी थांबा, आम्ही घेऊन येतो. ऐकल्या नाहीत. तो आठ वर्षांनी येतोय आणि मी घरी बसू? टांग्यात बसून आल्या, दुपारपासून फलाटावर बसल्या. गाडी आली, माणसं लोटली, अक्का बसल्या जागेवरून प्रत्येकाच्या पावलांकडे कान देत होत्या. सगळे उतरून गेले. त्या रात्रीच त्यांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी ईद. त्या घरात कोणी नवा कपडा घातला नाही. उन्हाळा, ठेवणार तरी किती? गावात राहिलेली दोन-चार हिंदू घरं बोलावून त्या पोरीच्या नवऱ्याने सगळं नीट करवून घेतलं. संध्याकाळी मास्तर पोचले. गाडी अगदी रिकामी होती.

"जाताना शेवटी काही बोलल्या का अक्का?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "बोलल्या असणार. ती पोर ह्यांच्याशी बराच वेळ बोलत होती म्हणे. पण हे मला सांगत नाहीत. मी विचारलं की उठून जातात."

मी खरं सांगते, मला मास्तरांचा भयंकर राग आला होता. एका धक्क्याचा तर प्रश्न होता! लोक गुदमरून, लोंबकळून का होईना, आपल्या माणसापर्यंत पोचतातच ना? आणि ह्या माणसाला पाय पसरायला जागा हवी होती! मग ओसरीवर नजर जायची. मास्तर गाड्यांना झापायचे बंद झाले होते. गाडी उशिरा येवो, वेळेवर येवो, ते तिकडे पाठ करून बसायचे. दूधवालासुद्धा गप्प कॅन उतरवून जायचा. पुढे पावसाळ्यात फरशी धुऊन निघाली ती निघालीच. मी वाटेल तिथे पाय टाकायला मोकळी झाले, आणि मला घरातून बाहेर पडावंसं वाटेना.

दिवाळी आली. कारखान्यातली माणसं सवयीने विचारायला आली, मास्तर, कधी निघू? मास्तर म्हणाले, "मला नका विचारू." लोक ओशाळून परत गेले.

आम्ही त्या वर्षी ऐन गर्दीत कऱ्हाडला निघालो. मास्तरांना सांगितलंसुद्धा नव्हतं, कुठल्या तोंडाने सांगणार? पण आम्ही ट्रंक घेऊन फाटकाबाहेर पडलो तर मागून छत्री टेकत मास्तर आले. ट्रंकेची एक कडी आमच्या ह्यांच्या हातात, दुसरी त्यांनी धरली. स्टेशनपर्यंत तसेच आले.

फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तरांच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला आणि म्हटलं, "मास्तर, तुम्ही परत जा, काकू वाट बघतील." ते ऐकत नव्हते. पुण्याची गाडी आली, दारं माणसांनी भरलेली. आमचे हे मागे सरकले आणि म्हणाले, "जाऊ दे ही. मागच्या गाडीने जाऊ. ती रिकामी असते."

मास्तरांच्या तोंडून असा आवाज निघाला की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. "नाही! हीच! आत्ता!" छत्री कुठे पडली कोण जाणे. त्यांनी ट्रंक डोक्यावर उचलून दारातल्या माणसांच्या अंगावर लोटली, आमच्या ह्यांना पाठीत गुडघा देऊन आत ढकललं, आणि माझा दंड धरून मला त्या रेट्यात घातलं. "आत घ्या हो हिला! अहो साईं, आत घ्या! पोर माहेरी चाललीय!" स्वतः चेंगरत होते, कोटाची बाही उसवली होती, पण मागे हटत नव्हते. मी कशीबशी आत गेले आणि खिडकीशी ढकलली गेले. मास्तर बाहेरून खिडकीचे गज धरून उभे राहिले, धापा टाकत.

"मास्तर, अहो काय हे!" मी म्हटलं. मला रडू फुटलं होतं.

ते माझ्याकडे बघत नव्हते. गजाकडे बघत बोलले. "फलाटावरून तिला उठवून टांग्यात घातली ना, तेव्हा ती त्या मुलीला म्हणाली, 'गर्दी असेल आज. त्याला गर्दी सोसत नाही ग. उद्या येईल तो.'" मग त्यांचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. "रागावलीसुद्धा नाही हो माझ्यावर."

गाडी हलली. त्यांनी गज सोडले नाहीत, दोन-चार पावलं बरोबर आले, मग सुटले. मी मागे वळून बघायला गेले तर मधे माणसंच माणसं. माझा पदर कुणाच्या तरी पायाखाली होता, ट्रंक पोटरीला लागत होती, आणि मी हमसून हमसून रडत होते. बाकावरच्या एका बाईला वाटलं, ही गर्दीला घाबरली. तिने मांडीवरचं गाठोडं उचलून धरलं, थोडी सरकली आणि म्हणाली, "बस ग बाई. होते की जागा."